कोमल कोणत्या देशाकडून बसणार

हिंगोली, २८ सप्टेंबर २०२५

सीमा,

तू फोन कर म्हणतेस, पण फोनवर आपलं काय होतं ते दोघींनाही माहीत आहे. दोन वाक्यं झाली की तू वॉर्डातल्या नर्ससारखी बोलायला लागतेस आणि मी वर्गातल्या बाईंसारखी. म्हणून कागदावर लिहिते. पत्र तिथं पोचायला वेळ लागतो, ते दोघींनाही बरं आहे.

कोमलची दहावी झाली की तिला न्यूझीलंडला न्यायचं असं तू ठरवलंस. तू तिची आई आहेस. तुझा अधिकार मी नाकारत नाही. पण तू जे कारण दिलंस, ते वाचल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. दूध उतू गेलं, कुकरची शिट्टी लावायची राहिली, आणि कोमल शाळेतून आली तर मी दारातच उभी होते, कशासाठी ते मलाच सांगता येईना.

तुझं म्हणणं असं की शाळकरी मुलांची जी जागतिक गणित स्पर्धा होते, तिथं प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त सहा विद्यार्थी जातात. भारताच्या त्या सहांत यायचं तर लाखभर मुलांना मागे टाकावं लागतं. तुमच्याकडे माणसंच थोडी, त्यामुळे कोमलसारखी मुलगी तिथं संघात सहज येईल. सोबत तू देशांची क्रमवारी पाठवलीस. चीन सगळ्यांत वर, मग अमेरिका, यंदा आपला देश सातवा. न्यूझीलंड शोधायला मला बोट बरंच खाली न्यावं लागलं.

तुझा हिशेब चुकीचा नाही. मी उभा जन्म गणित शिकवलं, मला तो कळतो. पण सीमा, मोठ्या देशाच्या सहांत न येणं मोठं की छोट्या देशाच्या सहांत येणं मोठं, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही. तू तिच्यासाठी सोपं दार शोधलंस. तिला सोपं दार हवंय का, हे तू विचारलं नाहीस.

माझं एक ऐक. या महिन्यात तिनं पहिली परीक्षा दिली आहे. ती पार पडली तर नोव्हेंबरात दुसरी, मग जानेवारीत तिसरी. तिसरीतून साठ-सत्तर मुलं निवडतात आणि उन्हाळ्यात शिबिराला बोलावतात. देशाचे सहा त्यांतूनच ठरतात. कोमल शिबिरापर्यंत पोचली तर बारावी होईस्तोवर इथंच राहील. नाही पोचली तर मी स्वतः तिला विमानात बसवीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. पैज समज हवं तर. तिला मात्र यातलं काही सांगू नकोस. लेकराच्या डोक्यावर कशाला.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडलेत. लोकांचं सोयाबीन उभ्या रानात सडतंय.

आई


हिंगोली, २१ डिसेंबर २०२५

सीमा,

‘ठीक आहे आई. मान्य.’ एवढ्या मोठ्या पत्राला तुझं हे उत्तर आलं होतं. असो.

कोमल दुसऱ्या परीक्षेतूनही पुढे गेली. तू तिच्याकडून ऐकलंच असशील, पण मला लिहायचं होतं. निकाल आला तेव्हा ती अंगणात शेजारच्या चंद्रभागाबाईंशी भांडत होती. या बाई तू गेल्यानंतर शेजारी राहायला आल्या. एकट्याच असतात, चार शेळ्या पाळल्यात, आणि त्या शेळ्यांना आपल्या कुंपणावरची जास्वंद फार आवडते. कोमल म्हणत होती शेळ्या बांधा, त्या म्हणत होत्या जास्वंद बांधा. मी निकाल वाचून दाखवला तशा चंद्रभागाबाईंनी विचारलं, “पयला नंबर आला की काय देतेत? स्कुटी?”

मी सांगितलं, मेडल देतात.

“निस्त्या मेडलासाठी पोरीला येवढं पिळून राहिल्या का तुमी? पोरगी वाळून चालली की बाई.”

वाळली वगैरे नाही. तुझ्यासारखीच आहे ती, हाडं दिसतात पण दोन भाकरी खाते.

मी हल्ली देशांचे तक्ते बघत बसते. कोणता देश कोणत्या साली कुठं होता, कुणाला किती सुवर्ण. एखादा एवढासा देश एखाद्या वर्षी मोठमोठ्यांच्या वर जाऊन बसलेला दिसला की मला आधी आनंद होतो आणि मग लक्षात येतं की तो तुझ्या बाजूचा मुद्दा आहे, आणि पान मिटून टाकते. परवा कोमलनं ते पाहिलं. म्हणाली, “आजी, देशाचा नंबर ते लोक लावतच न्हाईत. मार्क ज्याचे त्याचे असतेत. बाहेरचे बेरीज करतेत आन् देश वर-खाली करून राहतेत.”

मी म्हटलं, मग प्रत्येकाच्या मागे झेंडा कशाला असतो?

“गर्दीत पोरं हरवू नयेत म्हणून.”

मग तिनं मला सगळं समजावलं. सहा प्रश्न, दोन दिवसांत. प्रत्येकाला सात गुण. उत्तर पूर्ण नाही आलं तरी योग्य वाटेवरच्या एकेका पायरीला गुण असतात, आणि अशा सुट्या गुणांवरच कितीतरी देश एकमेकांच्या पुढे-मागे होतात. बोलताना तिचे हात हलत होते, तुझे हलायचे तसे. मी ऐकत कमी होते, बघत जास्त.

एक कळवायचं आहे. पैजेचं मी तिला सांगितलं. अभ्यासाला जोर येईल असं वाटलं. ती नुसती ‘हं’ म्हणाली आणि पाणी भरायला गेली, त्या दिवशी नळ आला होता. मला वाटलं होतं ती काहीतरी विचारील. तू मात्र सांगितलं नसशील अशी आशा आहे.

आणि तू लिहिलंस की मागे तिला न्यायला आलीस तेव्हाही मी परीक्षेचंच निमित्त केलं होतं. तो विषय आत्ता नको.

आई


हिंगोली, २० जानेवारी २०२६

सीमा,

रविवारी संभाजीनगरला तिसरी परीक्षा झाली. आम्ही आदल्या दिवशीच गेलो. पेपर दुपारी होता, म्हणून सकाळी तिला माझं कॉन्व्हेंट दाखवायला नेलं. मला अजून औरंगाबादच म्हणायची सवय आहे, रिक्षावाला हसला.

रविवार असल्यामुळे फाटक बंद होतं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. बोर्डिंगची इमारत पाडून नवी बांधली आहे, चिंचेच्या जागी गाड्या उभ्या. चॅपलची एक भिंत तेवढी ओळखीची. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला तिथं सोडलं आणि फाटकातून मागे न बघता गेले. मग एकदा मला ताप आला तर सिस्टर सेसिलिया तीन रात्री उशाशी बसून होत्या. गणित त्याच शिकवायच्या. कच्चं काम दिसलं की वही परत. अर्धवट उत्तर म्हणजे अर्धवट घातलेले कपडे, असं त्या म्हणायच्या. ‘पूर्ण झालं तर दाखव, नाहीतर खोडून टाक.’ मी ते कोमलला सांगत होते, ती फाटकाच्या सळीवर बोटानं काहीतरी आकृती काढत होती.

“लय कडक होती का गं तुझी सिस्टर?”

कडक होत्या, पण मला त्यांची आठवण येते, असं मी म्हटलं. कोमलनं माझा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. एरवी रस्त्यात धरू देत नाही.

पेपर साडेचार तासांचा. मी बाहेर बाकावर बसले, उठले, चहाच्या टपरीपर्यंत गेले, परत आले. इतर मुलांचे आईबाप मोठाल्या क्लासेसची नावं घेत होते. एकजण कोटाहून थेट आलेला. मला विचारलं, तुमची मुलगी कुठल्या क्लासला? मी म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात. त्याला वाटलं, ते एखाद्या क्लासचं नाव आहे.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा इतका शांत होता की मी घाबरले. दोन पूर्ण आलेत म्हणाली, आणखी दोन बरेचसे. मी मनातल्या मनात बेरीज केली. दोन पूर्ण आणि दोन बरेचसे म्हणजे शिबिर, सीमा. अगदी पक्कं नाही, पण बहुतेक. तिनं मिसळ मागितली, वरून आणखी एक पाव. येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

आता निकालाची वाट बघायची. तुलाही धाकधूक होत असेल.

आई


हिंगोली, २४ फेब्रुवारी २०२६

सीमा,

तुझे मेसेज मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण दहावीची परीक्षा सुरू झाली आहे आणि घरात तेवढं एकच चालू आहे. मराठीचा पेपर बरा गेला.

गावात सगळीकडे हळद शिजवताहेत. चंद्रभागाबाईंनी भावाच्या रानातून पोतंभर आणून अंगणात वाळत घातली आहे, शेळ्यांना त्याचं काही वाटत नाही हे एक बरं. मागच्या आठवड्यात मी नरसीला जाऊन आले. उगीचच गेले. देवळात बसवेना म्हणून लगेच परत आले.

निकालाचं म्हणशील तर त्यांचं काही खरं नसतं. कळेल तेव्हा कळवीन. तुझ्याकडे आता उन्हाळा संपत आला असेल. तुझ्या छोट्याला सर्दी आहे लिहिलं होतंस, आता कशी आहे?

आई


हिंगोली, ६ मार्च २०२६

सीमा,

‘आई, यादी मी केव्हाच पाहिली. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते.’ हा तुझा मेसेज वाचला.

मी मागचं पत्र लिहिलं तेव्हा यादी लागलेली होती. मी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग दुसऱ्या राज्यांतही शोधलं, कोमलचं नाव चुकून तिकडे लागलं असेल म्हणून. ती नाही.

दहावीचे पेपर चालू होते म्हणून मी तिलाही सांगितलं नाही. तिनंच काल जेवताना विचारलं, “यादीत मी न्हाई ना?” मी म्हटलं, असं कसं झालं, दोन बरेचसे आले होते ना? त्याचे गुण कुठं गेले? ती म्हणाली, ते तिनं खोडले. दोन्ही प्रश्न, सगळी पानं. आडवी रेघ मारून.

मी विचारलं, काहून?

“तूच म्हणतीस ना, अर्धवट दाखवायचं न्हाई.”

सीमा, परीक्षेच्या दिवशी सकाळी त्या फाटकापाशी मी काय बोलत होते, ते तुला लिहिलं होतंच. एका म्हाताऱ्या सिस्टरची शिकवण मी परीक्षेच्या चार तास आधी लेकराच्या हातात दिली. सिस्टर सेसिलियांना ही स्पर्धा माहीत नव्हती, मला माहीत होती. जगातले सगळे देश ज्या सुट्या गुणांवर उभे आहेत, ते माझ्या नातीनं माझ्या शिस्तीपायी खोडले.

काल मी तिच्यासमोर रडले. ती मला पाणी देत होती, पाठ थोपटत होती, आणि तिचा आज पेपर होता.

पैज तू जिंकलीस. पासपोर्टसाठी तारीख घेतली आहे, नांदेडला जावं लागेल. तिकीट काढ. शब्दाप्रमाणे मी काही बोलणार नाही.

आई


हिंगोली, २२ मार्च २०२६

सीमा,

तिकीट काढलं नसशील तर थांब. काढलं असशील तरी हे आधी वाच.

मागचं पत्र टाकलं आणि मला काही सुचेना. काहीतरी बसत नव्हतं. पायरीला गुण असतात, हे मला कुणी शिकवलं? तिनंच. इथं, या टेबलाशी, हात हलवून. ज्या मुलीला ते इतकं पाठ आहे, ती मी रस्त्यात सांगितलेल्या आठवणीसाठी दोन प्रश्न खोडील? शाळेच्या वहीतही ती माझं ऐकत नाही. कच्चं काम पानभर पसरलेलं असतं.

दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत मी गप्प बसले. ते किती अवघड गेलं, ते चंद्रभागाबाईंना विचार. मी त्यांच्या अंगणात जाऊन न सांगता हळद खालीवर करत बसायचे.

परवा संध्याकाळी कोमल तिथंच आली आणि माझ्या शेजारी बसून हळकुंडं निवडायला लागली. मी तिला म्हटलं, तू माझ्यामुळे खोडलं नाहीस. तिनं हातातलं हळकुंड बाजूला टाकलं. मग म्हणाली, “सोडवायला लागला न्हाई एवढा वेळ खोडायला लागला. पेन तसाच धरून बसले होते. ते सर येऊन विचारून गेले, बाळा, तब्येत बरी हाय ना.”

“मग खोडलंस कशाला?”

“तू म्हणलीस, निवड झाली तर राहायचं. मम्मी फोनवर म्हणली, निवड झाली तर मी समजीन तुला यायचंच न्हाई, मंग मी परत विचारणार न्हाई. तू सांगितलेलं मम्मीला सांगू नको म्हणलीस. मम्मी म्हणली, आजीला सांगू नको.” तिचे हात चालूच होते. “मंग मी बघितलं, कोण हरलं तर चालंल.”

मी हळद खालीवर करायची थांबले.

“तू हरलीस तरी माझी आजीच राहतीस. रडशील, मंग मी तुला पाणी देईन. मम्मी हरली असती तर तिनं परत बोलावलं नसतं.”

चंद्रभागाबाई बांधलेल्या शेळीला हाक मारत आत निघून गेल्या.

मी तिला विचारलं, मग तुला जायचं आहे का? तिला हसू आलं, चिडल्यावर येतं तसं. “मला काय माहीत? कुणी विचारलं का मला? सगळे म्हणले यादी बघू.” आणि पिवळे हात घेऊन नळावर गेली. तिथून ओरडून सांगितलं की पुढच्या वर्षी ती परत बसणार आहे, आणि तेव्हा कुणी कुणाशी पैज लावायची नाही, लावली तर ती पेपरच कोरा देईल.

म्हणजे पुढच्या वर्षी ती बसणार, एवढं पक्कं आहे. कोणत्या देशाकडून, ते तिला अजून माहीत नाही. आपल्याला तर नाहीच नाही.

सीमा, तू रागावशील. ‘परत विचारणार नाही’ हे तू घायकुतीला येऊन म्हणाली असशील, हे मला कळतं. मीसुद्धा ‘तोंडातून शब्द काढणार नाही’ म्हटलं ते काही मोठेपणानं नव्हे. मला खात्री होती की ती जिंकणार. आपण दोघींनी तिच्या एकेका गुणावर आपलं ओझं ठेवलं आणि ती बिचारी दोन पानं भरून पेन धरून बसली.

पैज मी मोडते. तू जिंकलीस असंही नाही आणि मी हरले असंही नाही. तिचं एकटीचं तिकीट काढू नकोस. तू ये. सुट्टी मिळत नसेल तर आठ दिवसांची मिळव, छोट्याला घेऊन ये, मी त्याला अजून पाहिलेलं नाही. मुंबईहून हिंगोलीपर्यंत आता जनशताब्दी येते, परभणीला उतरायची भानगड राहिलेली नाही. आल्यावर आपण तिघी बसू आणि तिला विचारू. ती न्यूझीलंड म्हणाली तर मी तिची बॅग भरीन. ती हिंगोली म्हणाली तर तू तिला दर आठवड्याला फोन करशील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारशील, आणि त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा. हे दुसरं तू तिला तिच्या समोर बसून सांगायला हवंस. माझ्याकडून ऐकून तिचा विश्वास बसणार नाही.

तिनं जाऊ नये असं मला वाटतं. हे एक वाक्य मला सप्टेंबरात लिहायचं होतं आणि त्याऐवजी मी कोणता देश कितवा ते लिहीत बसले. आता लिहिलं. तू समोर आलीस की मी ते पुन्हा म्हणेन, कदाचित मोठ्या आवाजात म्हणेन, आणि तू नर्ससारखी बोलायला लागशील. मी शहाण्यासारखी वागेन असं वचन मी देत नाही.

तरी ये.

आई